आयपी टाकला की उघडतं, नाव टाकलं की नाही! तीन कॉम्प्युटर तीन तऱ्हा

सूतवाला_इचल

नमस्कार मंडळी. मी कॉम्प्युटर लाइनमधला नाही, आमची इचलकरंजीत सुताची पेढी आहे, तेव्हा काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या. दुकानात चार कॉम्प्युटर आहेत. एक आतल्या खोलीत असतो, त्याला आम्ही रुबाबात सर्व्हर म्हणतो पण साधाच विंडोज १० चा डबा आहे, त्याचं नाव 'पेढी', त्यातल्या एका फोल्डरात हिशोबाचा सगळा डेटा आणि बिलं. दुसरा काउंटरवर, तिसरा मागे गोडाऊनला, आणि चौथा माझा लॅपटॉप जो वायफायवर चालतो.

पाच-सहा वर्षं सगळं सुरळीत होतं, कधी हात लावावा लागला नाही. मागच्या आठवड्यात जुनं कनेक्शन काढून फायबर घेतलं आणि तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. काउंटरवरून 'पेढी' उघडायला गेलं की बराच वेळ गोल गोल फिरत बसतं आणि मग सापडत नाही म्हणतं. लॅपटॉप जास्त फिरत पण नाही, दोन-चार सेकंदात हात वर करतो. आणि गोडाऊनचा कॉम्प्युटर, जो सगळ्यात जुना आणि सगळ्यात रडका, त्याच्यावर मात्र झकास उघडतंय!! सर्व्हरवर जाऊन आयपी (म्हणजे त्याचा आकड्यांचा पत्ता) बघितला, १९२.१६८.१.३४ आहे. तो नावाच्या जागी टाकला तर तिन्हीकडून उघडतं. म्हणजे वायर ठीक आहे ना? मग नावाचंच काय वाकडं झालंय? फायबरवाल्या पोराला फोन केला तर म्हणाला नेट चालू आहे ना, मग आमचं काम संपलं.

आणि एक बेसिक प्रश्न, हसू नका. 'पेढी' म्हणजे अमुक आयपी हे बाकीच्या कॉम्प्युटरना सांगतं कोण? मी तर कुठे लिहून दिलेलं नाही.

क्लिक_क्लिक

डीएनएसचा (नावावरून आयपी सांगणारी सोय) प्रॉब्लेम आहे भाऊ. सगळ्या कॉम्प्युटरवर गूगलचा डीएनएस ८.८.८.८ टाका, रिस्टार्ट मारा, विषय संपला. माझ्याकडे पण असंच झालेलं साइट उघडत नव्हत्या, एका मिनिटात चालू.

तारांचा_गुंता

क्लिक भाऊ, साइट उघडत नसतील तर ८.८.८.८ ठीक आहे, पण सूतवाल्यांच्या आतल्या खोलीतला डबा गूगलला कुठून माहीत असणार? गावातल्या गल्लीतला पत्ता मुंबईच्या जीपीओत जाऊन विचारल्यासारखं आहे ते. उलट काही राउटर आपल्याकडच्या कॉम्प्युटरची नावं लक्षात ठेवतात आणि विचारलं तर सांगतात, तुम्ही ८.८.८.८ टाकलंत की ती पण वाट बंद.

सूतवाले साहेब, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. नव्वद टक्के लोक 'चालत नाही' एवढंच लिहितात, तुम्ही कुठे फिरतं आणि कुठे लगेच नाही म्हणतं ते लिहिलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. पण अंदाजाने औषध नको. तिन्ही कॉम्प्युटरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून दोन गोष्टी करा. एक, 'पिंग पेढी' (पेढीला हाक मारून ओ येते का बघायचं). दुसरी, 'आयपीकॉन्फिग' (त्या कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता दाखवतं). जे येईल ते इथे टाका. (इथे रोमनमध्ये लिहिलं की पोस्ट अडकते म्हणून कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करा, मागे एकाने खरंच मराठीत टाइप करून 'चालत नाही' म्हणून भांडण काढलेलं.)

आणि हे पण सांगा, फायबर आल्यावर जुना राउटर काढला का अजून आहे? कुठली वायर कुठे गेलीये?

सूतवाला_इचल

केलं. कागदावर लिहून आणलंय.

काउंटर: स्वतःचा आयपी १९२.१६८.१.३६. पिंग पेढी केलं तर कंसात १९२.१६८.०.१० दाखवतो आणि मग चारही वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट. हा ०.१० कुठून आला?? सर्व्हर तर १.३४ आहे.

लॅपटॉप: स्वतःचा १९२.१६८.०.१०३. पिंग पेढी केलं तर म्हणतो असा होस्ट सापडला नाही, नाव तपासा.

गोडाऊन: स्वतःचा १९२.१६८.१.३५. इथे पिंग लागतो पण आकड्यांचा आयपी नाहीच, एफई८० पासून सुरू होणारं लांबलचक काहीतरी येतं, मध्ये दोन-दोन टिंबं, शेवटी टक्क्याचं चिन्ह. व्हायरस तर नाही ना?

भाच्याने एनएसलुकअप पण करायला सांगितलं, तर तिन्हीकडे नॉन-एक्झिस्टंट डोमेन आलं, अगदी जिथे उघडतंय तिथे पण. आता मात्र मी चक्रावलोय.

जुना राउटर आहे अजून, त्याचं वायफाय माझ्या केबिनपर्यंत चांगलं येतं म्हणून ठेवला. फायबरवाल्याने त्याच्या मागच्या सगळ्या वायरी काढून नव्या पांढऱ्या डब्यात घातल्या आणि नव्या डब्यातून एक वायर जुन्याच्या निळ्या भोकात घातली.

तारांचा_गुंता

वा! तिघांचं दुखणं वेगवेगळं आहे. सावकाश लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तुमचा 'बेसिक' प्रश्न, जो अजिबात बेसिक नाही. 'पेढी' कोण हे कॉम्प्युटरला मुळात माहीतच नसतं. नाव दिलं की तो विचारत सुटतो. विंडोज साधारण असं करतं: हे माझंच नाव आहे का? नाही. मग स्वतःची वही बघतं, होस्ट्स नावाची फाइल, आणि मघाशी कुणी सांगितलेलं आठवतंय का ते, म्हणजे कॅश. तिथे नसेल तर जो डीएनएस सर्व्हर नेमून दिलाय (दुकानात बहुतेक राउटरच) त्याला विचारतं. तो पण माहीत नाही म्हणाला की शेवटी सरळ चौकात उभं राहून बोंब मारतं, 'पेढी कोण आहे रे इथे?' आणि वायरीवर असलेल्यांपैकी ज्याचं नाव पेढी तो स्वतःच ओरडून सांगतो, मी, हा माझा पत्ता. तुम्ही कुठे लिहून दिलं नव्हतं तरी पाच वर्षं चाललं ते या बोंबेवर. तिचे प्रकार तीन, जुनी नेटबायॉसची, नंतरची एलएलएमएनआर आणि आता एमडीएनएस, पण तत्त्व एकच.

आता गोडाऊन. वहीत काही नाही, राउटरला माहीत नाही, बोंब मारली, सर्व्हर त्याच नव्या डब्याला जोडलेला, त्याने ऐकलं आणि उत्तर दिलं. एफई८० म्हणजे व्हायरस नाही हो, तो आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता आहे, प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच स्वतःला देतो, राउटरला न विचारता, आणि फक्त त्या वायरीपुरताच चालतो. टक्क्यानंतरचा आकडा म्हणजे आपलं कुठलं नेटवर्क कार्ड वापरायचं ते. जुना आकडेवाला पत्ताच बघायचा असेल तर 'पिंग डॅश ४ पेढी' करा, १.३४ दिसेल.

लॅपटॉप. बोंब फक्त आपल्या गल्लीपुरती ऐकू जाते, राउटर ती पलीकडे जाऊच देत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर अख्ख्या गावाची बोंबाबोंब सगळ्यांना ऐकावी लागेल. तुमचा लॅपटॉप आहे १९२.१६८.० च्या गल्लीत, जुन्या राउटरच्या आत, आणि सर्व्हर गेला १९२.१६८.१ च्या गल्लीत, त्याच्या बाहेर. फायबरवाल्याने वायर निळ्या भोकात म्हणजे वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घ्यायचं भोक) घातली ना, त्यामुळे जुना राउटर अजूनही स्वतःला राउटरच समजतोय, आणि एका दुकानात दोन नेटवर्क झालीत. आयपी टाकला की जातं, कारण आतून बाहेर जायला जुना राउटर अडवत नाही, त्याचं कामच ते. पण नावाची हाक कुंपणाच्या आतच विरते. कुणीच ओ दिली नाही म्हणून दोन-चार सेकंदात हात वर.

काउंटर सगळ्यात मजेशीर. तो फिरत बसतो कारण त्याला पत्ता मिळालाय!! चुकीचा मिळालाय, पण मिळालाय, म्हणून बिचारा दार वाजवत बसतो. ०.१० हा तुमच्या सर्व्हरचा जुना पत्ता असणार, जुन्या राउटरच्या काळातला. तो सांगतोय कोण? राउटर नाही, नवा डबा ०.१० कशाला सांगेल. बोंबेचं उत्तर पण नाही, सर्व्हर स्वतःचा जुना पत्ता का सांगेल. उरली वही. पैज लावतो, कुणीतरी कधीतरी काउंटरच्या होस्ट्स फाइलमध्ये ओळ लिहून ठेवलीये. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, त्यात होस्ट्स. पुढे टीएक्सटी वगैरे काही नसतं. नोटपॅड 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून मग त्यातून फाइल उघडायची, नाहीतर सेव्ह होत नाही आणि लोक डेस्कटॉपवर होस्ट्स डॉट टीएक्सटी करून ठेवतात आणि म्हणतात बदललं तरी फरक नाही.

भाच्याला सांगा एनएसलुकअप फक्त डीएनएस सर्व्हरला विचारतं. वही बघत नाही, बोंब मारत नाही. म्हणून तिन्हीकडे नाही आलं. त्यावरून 'डीएनएस बिघडलं' म्हणणारे इंजिनिअर मी बघितलेत. तुमच्याकडे बिघडायला आतल्या नावांचं डीएनएस नव्हतंच कधी.

क्लिक_क्लिक

ओके मान्य. पण मग कटकट कशाला, सगळीकडे आयपीचेच शॉर्टकट करून द्या ना.

तारांचा_गुंता

आणि परवा लाइट गेली, राउटर रिस्टार्ट झाला, सर्व्हरला १.३४ ऐवजी १.३७ मिळाला की परत इथे धागा काढायचा? होस्ट्समध्ये ओळ घालणाऱ्यानेही असंच 'कटकट कशाला' म्हटलं असेल त्या दिवशी.

निवृत्त_केबलवाला

गुंता यांनी निदान चोख केलंय. मी त्या होस्ट्स फाइलबद्दल थोडं बोलतो, म्हाताऱ्याला चान्स मिळत नाही हल्ली.

ही फाइल म्हणजे कुणा मेकॅनिकने शोधलेली पळवाट नव्हे, ती मूळची राणी आहे. अमेरिकेत आर्पानेट (इंटरनेटचा पूर्वज) होतं तेव्हा डीएनएस नव्हतंच. सगळ्या नेटवर्कची मिळून एकच यादी, होस्ट्स डॉट टीएक्सटी, ती ठेवायचे कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई, सगळे त्यांना जेक म्हणायचे, त्यांची टीम ते बघायची. तुम्ही नवीन कॉम्प्युटर जोडला की त्यांना कळवायचं, त्या यादीत घालायच्या, मग बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. ज्याने उतरवून घेतली नाही त्याच्याकडे जुनीच नावं. म्हणजे सूतवाल्यांच्या काउंटरवर जे झालं ते तेव्हा अख्ख्या नेटवर्कवर होत असणार! कॉम्प्युटर वाढत गेले तसं ते काम हाताबाहेर गेलं आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, एकच यादी नको, ज्याची नावं त्यानेच सांभाळावीत. १९८७ मध्ये तिची सुधारून जी दोन कागदपत्रं निघाली, आरएफसी १०३४ आणि १०३५, त्यांच्याच पायावर आजही सगळं उभं आहे. पण जुनी फाइल कुणी काढून टाकली नाही. प्रत्येक विंडोजमध्ये, प्रत्येक लिनक्समध्ये ती आहे, आणि डीएनएसच्या आधी तिचं ऐकलं जातं. घरात म्हातारा असतो ना, दिसायला कोपऱ्यात बसलेला, पण शेवटी शब्द त्याचाच.

आणि ती बोंबवाली पद्धत. नव्वदच्या दशकात आम्ही ऑफिसात नेटवर्क टाकायचो ते काळ्या कोएक्स केबलवर, प्रत्येक मशीनमागे टी आकाराचा जोड, केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर म्हणजे टोपण. झाडूवालीचा धक्का लागून एक टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस बंद. त्या काळचं हे नेटबायॉस, आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी १९८३ मध्ये आलेलं. त्यात नाव १६ अक्षरांचं, पण सोळावं अक्षर नावाचं नसतं, हा फाइल सर्व्हर आहे का साधा कॉम्प्युटर ते सांगायला राखून ठेवलेलं. म्हणजे आपल्या हातात १५. त्याहून मोठं नाव दिलंत की पुढचं छाटलं जातं.

सूतवाले, तुमच्या बाकीच्या कॉम्प्युटरची नावं काय आहेत सहज विचारतो.

सूतवाला_इचल

काका तुम्ही मनकवडे आहात का?? आमचं सांगलीला पण एक दुकान आहे म्हणून त्या वेळच्या इंजिनिअरने नावाला गाव लावलेलं. गोडाऊनचं नाव त्याने 'इचलकरंजी-गोडाऊन' ठेवलेलं आणि नेटवर्कवर ते दिसतं 'इचलकरंजी-गो'. पाच वर्षं आम्हाला वाटतंय त्याने टायपिंग अर्धवट सोडलं.

निवृत्त_केबलवाला

हाहाहा. इंग्रजी स्पेलिंगने मोजा, इचलकरंजीची १२, एक आडवी रेघ, मग जी आणि ओ. बरोबर १५. त्या बिचाऱ्याने पूर्णच लिहिलं होतं. आणखी एक गोडाऊन घेऊन तिथे 'इचलकरंजी-गोडाऊन२' ठेवलं असतंत तर तेही छाटून 'इचलकरंजी-गो' च झालं असतं आणि दोघं एकाच नावावरून भांडत बसले असते. असं भांडण सोडवायला मी एकदा पावसात स्कूटरवरून चिंचवडला गेलोय.

देवनागरी_हट्टी

अवांतर विचारतो, नाव सरळ मराठीत का ठेवत नाही? आणि ते इंटरनेटवरचं नाव कधी चुकत नाही मग, ते कोण सांगतं, तिथे तर बोंब मारून चालणार नाही.

वेबवाली_पुणे

चुकत नाही कोण म्हणालं दादा :) माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलंय. मी लोकांच्या वेबसाइट करते, तर हा भाग मी घेते.

सगळे फोन डिरेक्टरीचं उदाहरण देतात, मला ते आवडत नाही, कारण डिरेक्टरी म्हणजे परत एकच यादी आली आणि काकांनी सांगितलं तसं ती तर सोडलीच ना. आपल्या पत्त्याचं उदाहरण घ्या. मु. पो. रुकडी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर. लिहितो आपण बारीक ते मोठं, पण टपाल खातं वाचतं खालून वर. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि गावातलं घर कुठलं ते फक्त गावच्या पोस्टमनला माहीत, कोल्हापूरला माहीत असायची गरजच नाही. मराठी विकिपीडियाचं नाव घ्या, एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग. हे उजवीकडून वाचायचं. तुमच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर (किंवा ८.८.८.८, तो पण तेच काम करतो) आधी जातो रूटकडे, म्हणजे सगळ्यात वरच्याकडे. रूट म्हणतो मला विकिपीडिया माहीत नाही, पण डॉट ऑर्ग कोण बघतं ते सांगतो, तिकडे जा. डॉट ऑर्गवाला म्हणतो विकिपीडियाचे नेमसर्व्हर अमुक, तिकडे जा. आणि विकिपीडियाचा नेमसर्व्हर शेवटी सांगतो एमआरचा पत्ता हा. सरकारी ऑफिसात या टेबलवरून त्या टेबलवर पाठवतात तसंच, फक्त इथे प्रत्येक टेबल खरंच पुढचं टेबल बरोबर सांगतं आणि सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. खरं तर नावाच्या शेवटी अजून एक टिंब असतं, ऑर्गच्या पुढे, ते आपण लिहीत नाही, ते टिंब म्हणजे रूट.

रूट सर्व्हरची नावं १३, ए पासून एम पर्यंत. तेराच का, तर तेव्हा उत्तर ५१२ बाइटच्या एका पाकिटात मावायला हवं होतं आणि तेवढीच बसत होती. पण मशीन १३ नाहीत हां, प्रत्येक नावामागे जगभर ठिकठिकाणी प्रती आहेत, मुंबईत पण आहेत, आणि तुमचा प्रश्न जवळच्या प्रतीकडे जातो.

आता चुकतं कुठे. दरवेळी रूटपर्यंत कोण जाणार, म्हणून मिळालेलं उत्तर लक्षात ठेवतात. किती वेळ ठेवायचं ते उत्तरातच सेकंदात लिहिलेलं असतं, टीटीएल म्हणतात. माझी पहिली मोठी फजिती यातच. एका साडीच्या दुकानाची साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली, दिवाळीच्या आधी, नवीन पत्ता घातला, माझ्याकडे झकास दिसतेय, मालकांना फोन केला बघा म्हणून, ते म्हणतात जुनीच आहे. त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर नवी, दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुनी. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी निम्म्या जुन्या सर्व्हरवर पडल्या, रात्री बसून हाताने उतरवल्या मी त्या. कारण काय तर टीटीएल ८६४०० होता, म्हणजे पूर्ण २४ तास, आणि मी तो आदल्या दिवशी कमी करायला विसरले. आता हलवायच्या दोन दिवस आधी ३०० करते, म्हणजे पाच मिनिटं, मग हलवते, मग परत वाढवते.

लोक म्हणतात ना 'डीएनएस पसरायला ४८ तास लागतात'? पसरत बिसरत काही नाही. कुणी कुणाला नवीन पत्ता पाठवत नसतं. ज्याच्याकडे शिळी प्रत आहे ती तिची वेळ संपली की फेकली जाते आणि मग तो नव्याने विचारतो, एवढंच. सूतवाल्यांच्या काउंटरवर पण शिळीच प्रत आहे, फरक इतकाच की होस्ट्स फाइलमधल्या ओळीला टीटीएल नसतो. ती ओळ मरेपर्यंत खरी.

नेमसर्व्हरच गायब झाले तर काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार, रात्री नवाच्या पुढे व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टा सगळं बंद. त्यांच्याच नेटवर्कमध्ये काम करताना चूक झाली आणि त्यांच्या नेमसर्व्हरकडे जायचे रस्तेच इंटरनेटवरून पुसले गेले. सर्व्हर होते, पण त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नाही. आमच्या सोसायटीत लोक वायफाय बंद-चालू करत होते.

मराठी नावाचं म्हणाल तर इंटरनेटवर चालतं. डॉट भारत देवनागरीत २०१४ पासून आहे. पण आतून डीएनएसला अजूनही इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच पचतं, म्हणून 'भारत' जाताना 'एक्सएन, दोन रेघा, एच२बीआरजे९सी' असं होऊन जातं. दिसताना भारत, पासपोर्टवर भलतंच. दुकानातल्या कॉम्प्युटरला मात्र मी इंग्रजीच ठेवेन, जुना प्रिंटर वगैरे असेल तर कशाला विषाची परीक्षा.

देवनागरी_हट्टी

पासपोर्टवर भलतंच, हे खासच. धन्यवाद ताई.

तारांचा_गुंता

वेबवालींनी मस्त लिहिलंय. एक राहिलं, त्या बोंबेबद्दल. चौकात 'पेढी कोण' विचारलं आणि कुणी लबाडाने 'मीच पेढी' म्हटलं तर? तुमचा कॉम्प्युटर विश्वास ठेवतो आणि लॉगिन करायला जातो, आणि त्या नादात पासवर्डवरून बनवलेला हॅश (सांकेतिक रूप) त्याच्या हातात पडतो. म्हणून मोठ्या कंपन्यांत एलएलएमएनआर, नेटबायॉस बंद करून ठेवतात आणि स्वतःचा डीएनएस सर्व्हर लावतात. चार कॉम्प्युटरच्या दुकानाला तेवढं नको, पण बाहेरच्या कुणाला, म्हणजे फोन चार्जिंगला लावून वायफायचा पासवर्ड मागणाऱ्या पाहुण्याला, दुकानाच्या आतल्या वायफायवर घेऊ नका, राउटरमध्ये गेस्ट वायफाय असतं ते द्या.

सूतवाले साहेब, करायचं ते असं. काउंटरची ओळ काढा. जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि निळ्या भोकातली वायर काढून पिवळ्यांपैकी एकात घाला. याच क्रमाने करा, आधी वायर हलवलीत तर दोन डीएचसीपी एकाच गल्लीत येतील आणि कोण कुणाला काय पत्ता वाटतंय ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. मग तो राउटर राहत नाही, नुसता वायफायचा खांब होतो, आणि सगळे एका गल्लीत. शेवटी नव्या डब्यात जाऊन सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा, अॅड्रेस रिझर्व्हेशन असं काहीतरी लिहिलेलं असेल, म्हणजे लाइट गेली तरी त्याला तोच आयपी मिळेल.

सूतवाला_इचल

मंडळी, झालं!!! काल दुकान बंद केल्यावर भाच्याला घेऊन बसलो, साडेदहा वाजले पण झालं.

गुंता साहेब पैज जिंकलात. काउंटरच्या होस्ट्स फाइलमध्ये वर सगळ्या रेघोट्यांच्या पुढे इंग्रजी काहीतरी, आणि अगदी तळाला एकच ओळ, १९२.१६८.०.१०, मोकळी जागा, पेढी. फाइलवर तारीख २०१९ च्या जूनची. तेव्हा आठवलं, त्या वर्षी पावसाळ्यात काउंटरवर असंच नाव उघडत नव्हतं, इंजिनिअर आला, पाच मिनिटात 'झालं काका' म्हणून दोनशे रुपये घेऊन गेला. मी तेव्हा त्याचं कौतुक केलेलं. ओळ काढली, सेव्ह केली आणि लगेच उघडलं, रिस्टार्ट पण लागला नाही. आता पिंग केलं तर काउंटरवर पण ते एफई८० वालं येतंय, आता घाबरत नाही.

राउटरचं काम भाच्याने केलं. त्याचा पत्ता बदलल्यावर तो जुन्या पत्त्यावर उघडेना तेव्हा दहा मिनिटं दोघांच्या तोंडचं पाणी पळालेलं, मग लक्षात आलं आता १.२ टाकायचं. लॅपटॉपला नवीन गल्लीतला आयपी मिळाला, पेढी नावाने उघडली. सर्व्हरचा १.३४ राखून ठेवला. नव्या डब्यात सगळ्या कॉम्प्युटरची यादी दिसते नावासकट, त्यात दोन मोबाइल अनोळखी निघाले, त्यातला एक शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा. गेस्टचं ते आज करतोय.

गोडाऊनचं नाव १५ अक्षरांत बसवून 'गोडाऊन' करावं म्हटलं तर पोरं ऐकेनात. त्यांना आता सवय झालीये, माल काढायला मागे जायचं असलं की म्हणतात 'गो ला जाऊन येतो'. राहू दे म्हटलं.